पोपट कोळपेचं छापून न आलेलं अध्यक्षपद

मांडवगण फराट्यात सकाळी पेपर टाकणारा पोपट कोळपे आणि त्याच पेपरात मांडवगणची बातमी लिहिणारा पोपट कोळपे ही दोन माणसं असतील असं बाहेरच्याला वाटतं. कशाची दोन! एकच आहे तो. एजन्सी त्याची, बातमीदारी त्याची, वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायच्या त्याही त्यानंच. सकाळी स्टँडवर गठ्ठा उतरवून घ्यायचा, मोटारसायकलला आवळायचा आणि काल आपणच लिहिलेलं आज आपणच लोकांच्या ओसरीवर भिरकावत जायचं. मग उसाला पाणी, आणि लाइट गेली की बांधावर बसून मोबाइलवर उद्याची बातमी. पेपरचं नाव आपण नको घ्यायला. उगाच खुलासा यायचा.

आता ह्या धंद्यातली एक गोम आधी ऐकून घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला थापा वाटेल. तालुक्याचं पान पुण्याला दुपारी चारला बंद होतं. आणि शिरूर-दौंड भागातला कुठलाही कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांशिवाय सुरू होत नाही, आणि प्रमुख पाहुणे दिवेलागणीच्या आत काही पोचत नाहीत. मग बातमी लिहायची कधी? आधी! इनामगावच्या शाळेतलं वृक्षारोपण रोपं नर्सरीतून निघायच्या आत 'उत्साहात संपन्न' झालेलं असायचं. कीर्तनाला 'अलोट गर्दी' व्हायची तेव्हा मंडपाचे खांब अजून ट्रॉलीतच असायचे. फक्त कुस्त्यांचा निकाल पोपट थांबून लिहायचा, कारण पैलवान बातमीला जुमानत नाहीत. एकदा एका उद्घाटनाला पाहुणे आलेच नाहीत, आणि पेपरात तर त्यांनी 'मोलाचं मार्गदर्शन' केलेलं. सकाळी पाहुण्यांचा फोन. म्हणाले, "पोपटराव, भाषण छान छापलंत हो. दोन मुद्दे तर मलाही नवीन होते."

दुसरी गोम अशी, की दोन्ही तालुक्यांत मिळून पत्रकार पुष्कळ, पण लिहिणारा पोपट एकटा. भीमा-घोड ग्रामीण पत्रकार संघ म्हणून त्यांची संघटना आहे. कुणाचं खताचं दुकान, कुणाचं सलून, कुणाचा मंडपाचा धंदा; गाडीवर 'प्रेस' मात्र झाडून सगळ्यांच्या. 'फक्त बातमी' नावाचा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. पोपटनं त्यात बातमी टाकली, की जो तो ती आपापल्या पेपरला पुढं ढकलणार. वाचायची पद्धत नाही. लिहिलंय पोपटरावांनी, वाचायचं काय त्यात? पोपटच्या पेपरचे पुण्याच्या डेस्कवरचे साहेबसुद्धा त्याच ग्रुपात. ते परस्पर तिथूनच बातमी उचलायचे.

आणि एवढं लिहूनही पोपटचं नाव कुठं नाही. तो नवीन होता तेव्हा एका उपसंपादकानं त्याला दम भरला होता, की बातमीत वार्ताहर नसतो. हे वाक्य पोपटच्या डोक्यात असं बसलं, की स्वतःच्या उसाला आग लागली तेव्हा त्यानं 'एका शेतकऱ्याचा ऊस जळाला' अशी बातमी दिली. नाव नाही म्हणून मदत मिळेना. तलाठी म्हणाला, शेतकरी कोण ते कळत नाही.

ह्या सगळ्याचा जाच झाला तो त्याच्या बापाला. गेणबाचं उभं तारुण्य मेंढरांमागं गेलं. पुढं मेंढरं मोडून त्यानं भीमेच्या कडेला जमिनीचा तुकडा घेतला आणि घर बांधलं. म्हाताऱ्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण दुसऱ्याच्या मेंढरांच्या वाड्यात घुसलेलं आपलं कोकरू तोंडावरून ओळखून तो कान धरून बाहेर काढायचा. म्हणायचा, "नाव काय, कुनीबी कुनालाबी देतंय. त्वांड ज्याचं त्याचं आसतंय." तर हा गेणबा ग्रामपंचायतीपुढच्या कट्ट्यावर छाती काढून सांगायचा, पोरगं पेपरात हाय. आणि कट्ट्यावर रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे मारुतराव. मारुतराव म्हणजे बडं प्रस्थ, गावचे जुने बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांच्या वाढदिवसाला पेपरात त्यांचा हात जोडलेला फोटो यायचा, भोवती शुभेच्छुकांची बारकी बारकी मुंडकी. पेपर झटकून मारुतराव म्हणायचे, "गेणबा, पोरगं पेपरात हाय म्हंतोस, पर मला तर कुठं दिसंना!" कट्टा खो खो हसायचा.

म्हातारा घरी येऊन पोपटवर उखडायचा. "रोज लोकांची त्वांडं छापतुयास. तुजं काय मेंढरानं खाल्लंय?"

"आबा, आसं आपलंच छापता येत न्हाई."

"मोतीबिंदू पिकत आलाय माजा. दिसतंय तवर एकडाव तुजं त्वांड पेपरात बगू दे. मंग डोळ्याचं काय व्हायचं ते हू दे."

पोपटला हे लागलं. तो रात्रंदिवस विचार करायला लागला. आपल्या भागात माणसाचा फोटो पेपरात येतो तो चारच कारणांनी. वाढदिवसाची जाहिरात, मरण, पोलीस केस, नाहीतर पद. आपल्या वाढदिवसाची जाहिरात आपणच गोळा करायची म्हणजे आपल्याच लग्नात आपणच अक्षता वाटत फिरायचं. लोक काय म्हणतील? मेल्यावर फोटो येतो, पण तो बापाला दाखवणार कोण? पोलिसाचं नाव काढलं तरी बायको रतन माहेरी जाईल. राहता राहिलं पद. आणि पद म्हणावं असं पोपटच्या हाताला लागण्यासारखं एकच होतं, पत्रकार संघाचं अध्यक्षपद.

संघाची निवडणूक आजवर कधी झालीच नव्हती. हायवेला एखाद्या ढाब्यावर मटण व्हायचं, हाडं चोखता चोखता नाव ठरायचं आणि 'बिनविरोध निवड' ही बातमी पोपटनं आधीच देऊन टाकलेली असायची. यंदा नाव ठरलं होतं सत्यजीतचं. सत्यजीत म्हणजे मारुतरावांचा पुतण्या. त्याचं यूट्यूबवर बातम्यांचं चॅनेल, हातात माइक, माइकला चॅनेलचा ठोकळा, अंगात जाकीट. पोरगं वाईट नव्हतं. पोपटला तात्या म्हणायचं, आणि पोपटनं लिहून दिलेलं कॅमेऱ्यापुढं घडाघडा म्हणायचं.

त्या ढाब्यावर पोपट रश्शाची वाटी खाली ठेवून म्हणाला, "मीबी उभा ऱ्हातोय."

सगळ्यांचे घास हातात राहिले. सलूनवाला म्हणाला, "कशाला?"

"अध्यक्षपदाला."

"ते कळलं. पर कशाला?"

बापाला माझं तोंड बघायचंय, असं चारचौघांत कसं सांगायचं? पोपट नुसता "उभा ऱ्हातोय" एवढंच म्हणत बसला. दुसऱ्या दिवशी मारुतरावांनी बोलावून घेतलं, चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "पोपट, परंपरा मोडू नगं. उपाध्यक्ष हो." पोपटनं विचारलं, उपाध्यक्षाचा फोटो येतो का? मारुतरावांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, न्हाई येत. मग पोपटनं कप ठेवला आणि उठून आला.

मतदान ठरलं रविवारी, कासुर्डीजवळच्या एका मंगल कार्यालयात, म्हणजे शिरूरवाल्यांना आणि दौंडवाल्यांना सारखंच गैरसोयीचं. निवडणूक अधिकारी साहेबराव गुरुजी, रिटायर्ड शिक्षक. मतपेटी म्हणून त्यांनी घरचा तांदळाचा स्टीलचा डबा आणायचं कबूल केलं. मतदान तीनपर्यंत, मग जेवण, मग मोजणी. म्हणजे निकालाच्या आत पान बंद! शनिवारी ग्रुपवर चौकशा सुरू झाल्या, "पोपटराव, उद्याची बातमी?" आता उमेदवारानंच स्वतःच्या निवडणुकीच्या निकालाची बातमी निकालाआधी लिहावी, हे त्या ग्रुपात कुणालाच वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर पोपटलाही वाटलं नाही.

त्यानं दोन बातम्या लिहायच्या ठरवल्या. सत्यजीत निवडून आला तर एक, आपण आलो तर दुसरी. सत्यजीतची तर चहा उकळेस्तोवर झाली. 'अभ्यासू, मनमिळाऊ व तरुण तडफदार पत्रकार सत्यजीत यांनी चुरशीच्या निवडणुकीत आपल्या प्रतिस्पर्ध्याचा दणदणीत पराभव केला. निवडीनंतर गुलालाची उधळण करण्यात आली.' प्रतिस्पर्धी कोण ते लिहिलं नाही. बातमीत वार्ताहर नसतो ना!

मग स्वतःची घेतली. 'अध्यक्षपदी पोपट गेणबा कोळपे यांची निवड झाली,' एवढं लिहिलं आणि गाडी रुतली. अभ्यासू लिहिलं, पुसलं. तडफदार लिहिलं, आरशात बघितलं, पुसलं. तालुक्यातल्या नाही नाही त्या माणसाला त्यानं आजवर दानशूर केलं होतं, आणि आज स्वतःसाठी एक शब्द गवसंना. रतन चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आगं, माज्याबद्दल चार चांगलं शब्द सांग की."

"आन् ते कशाला?"

"बातमीत घालायचंत."

"लिव्हा मंग, हाक मारली की व्हय म्हंत्यात आन् उठत न्हाईत."

"तसलं न्हाई गं. अभ्यासू, मनमिळाऊ, आसलं."

"मनमिळाऊ?" रतन तव्यावरची भाकरी उलटता उलटता हसायलाच लागली. "आवं, मनमिळाऊ मानूस जेवताना मोबाइलात बगतं व्हय? जेवा आधी."

तर ती दुसरी बातमी तशीच राहिली, एका ओळीची. पोपटनं ठरवलं, निवडून आलोच तर त्या आनंदात सुचंल काहीतरी. डेस्कला फोन करून पान तासभर धरून ठेवायला सांगू. रविवारी सकाळी त्यानं सत्यजीतची बातमी फोटोसकट ग्रुपवर टाकली आणि वर ठळक अक्षरात सूचना लिहिली, 'ही बातमी निकाल लागल्यावरच पाठवावी. निकाल उलटा लागल्यास दुसरी देतो.' मग गाडी काढली, नदी ओलांडून कासुर्डीकडं निघाला. अहो, सूचना! ज्यांनी जन्मात बातमी वाचली नाही ते सूचना वाचणार होते? पोपट पुलावर होता तोवर निम्म्यांनी ती पुढं ढकललीसुद्धा.

मतदान शांततेत झालं. जेवणात शिरा होता. जेवणानंतर साहेबराव गुरुजींनी डबा सतरंजीवर पालथा केला आणि चिठ्ठ्या उलगडायला लागले. पोपट. पोपट. पोपट. गुरुजी चष्मा पुसून परत बघायचे. पोपट. पार शेवटी एक चिठ्ठी निघाली सत्यजीतची. सत्यजीतला पडलेलं तेवढं एकच मत, आणि ते पोपटचं होतं. स्वतःला मत देणं त्याला बरं दिसलं नव्हतं.

"आरं, तू सोताला न्हाई दिलं?" त्यानं सत्यजीतला बाजूला घेऊन विचारलं.

सत्यजीत मान खाली घालून म्हणाला, "तात्या, तुमालाच दिलं. तुमी पडला आन् रुसला, तर माज्या चॅनेलचं लिव्हायचं कुनी?"

तेव्हा पोपटच्या ध्यानात आलं, की सगळ्यांनी त्याच भीतीनं मतं दिलीत. मारुतरावांचा शब्द एकीकडं, पण उद्यापासून बातमी लिहावी लागली असती हे त्याहून भयंकर. तरी काय झालं, पोपटला आनंद झाला हो! त्यानं कोपऱ्यात जाऊन आधी गेणबाला फोन लावला. "आबा, आलो निवडून." तिकडनं म्हातारा एवढा मोठ्यानं ओरडला, की पोपटला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला.

मग सत्कार. हार आला, शाल आली, सगळे ओळीत उभे राहिले आणि कुणीतरी सवयीनं म्हणालं, "पोपटराव, फोटो घ्या की!" आणि काय सांगायचं तुम्हाला, पोपटही सवयीनं ओळीतनं बाहेर आला, चार पावलं मागं गेला, म्हणाला "जरा जवळ जवळ या, हसा," आणि फोटो घेतला. त्या फोटोत साहेबराव गुरुजी दोन्ही हातांनी हार पुढं धरून उभे आहेत, सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि हाराच्या पुढं कुणीच नाही.

तो फोटो पाठवायला त्यानं ग्रुप उघडला, तेव्हा सकाळच्या बातमीखाली ओळीनं निरोप दिसले. 'पाठवली.' 'पाठवली.' 'मीपण पाठवली.' 'लावली आहे,' हा शेवटचा निरोप पुण्याच्या डेस्कवरच्या साहेबांचा. पोपटनं फोटो टाकला आणि घाईघाईनं फोन लावला.

"साहेब, ते उलटं झालंय. निवडून दुसराच आलाय."

"दुसरा कोण?"

पोपट घुटमळला. "वार्ताहर," म्हणाला.

"पोपटराव, चेष्टा करू नका. पान गेलंय. आणि तो फोटो पाठवलात त्यात सत्कारमूर्ती कुठं आहेत?"

सकाळी स्टँडवर गठ्ठा उतरला. गठ्ठ्याला सुतळी तीच, शाईचा वास तोच, आणि आतल्या पानावर माइक धरलेला सत्यजीत. पोपटला वाटलं गठ्ठा उचलून भीमेत टाकावा. पण गिऱ्हाईकाचा पेपर बुडवायचा कसा? त्यानं तो मोटारसायकलला बांधला, आणि आपल्या पराभवाची बातमी घरोघर टाकत फिरला. दुसऱ्या पेपरांतही तेच, शब्दाला शब्द. एका पेपरात तर त्याची सूचनासुद्धा छापून आली होती, 'ही बातमी निकाल लागल्यावरच पाठवावी'सकट.

कट्ट्यावर गेणबा धुतलेलं धोतर नेसून, नवा फेटा बांधून केव्हाचा येऊन बसला होता. आदल्या संध्याकाळी त्यानं दारोदार सांगितलं होतं, उद्या बगा. मारुतरावांनी पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचला, सत्यजीतच्या नावावर जरा थांबत. सगळे गेणबाकडं बघायला लागले. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. एकजण हळूच म्हणाला, "म्हातारपन हाय. हुतं आसं." गेणबानं पेपर हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, सत्यजीतचं तोंड नीट बघितलं आणि घरी आला. त्या दिवसापासून त्यानं कट्टा सोडला. दारातल्या बाजेवर तोंड फिरवून पडायचा. रतननं चहा नेला तर म्हणाला, "पोरगं बापाशी खोटं बोललं, आन् म्या गावाशी."

हे ऐकून पोपटचा जीव तुटला. बाप आजवर कधी खोटं बोलला नव्हता. त्यानं डेस्कला परत फोन केला, खुलासा छापा म्हणाला. साहेबांनी नियम सांगितला, खुलासा संघाच्या लेटरहेडवर पाहिजे, त्यावर अध्यक्षांची सही पाहिजे.

"अध्यक्ष मीच हाय."

"असं कसं? आपल्याच पेपरात सत्यजीत आलाय. त्याची सही आणा, की तो अध्यक्ष नाही म्हणून."

"पर तो अध्यक्ष न्हाई तर त्याची सही चालंल कशी?"

"हे बघा, मला बाकीची पानं आहेत," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

मग पोपटनं सभा बोलावली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी ती सभा. सलूनवाला म्हणाला, छापून आलंय ते खोटं म्हणायचं म्हणजे काय? आपणच दिलंय. मंडपवाला उठून तळमळीनं बोलला, "पत्रकारच पेपर खोटा हाय म्हनाया लागले, तर जंतेनं इस्वास ठिवायचा कुनावर?" ह्याला टाळ्या पडल्या. पोपटनं साहेबराव गुरुजींकडं बघितलं. "गुरुजी, तुमी तर मतं मोजलीत!"

गुरुजींचा चेहरा पडला. "पोपटराव, मीही तसंच समजत होतो. पण सगळ्याच पेपरांत एकसारखं आलंय. वय झालं आता, मोजताना माझीच चूक झाली असेल."

तोवर शिरूरला आणि दौंडला चौकात सत्यजीतचे फ्लेक्स लागले होते. मारुतरावांनी गावजेवण घातलं. संध्याकाळी सत्यजीत पोपटच्या दारात आला, ओशाळलेला, काखेत सत्कारांच्या शालींचा गठ्ठा.

"तात्या, मला समदं म्हाईत हाय. अध्यक्ष तुमीच. पर आता चुलत्यांनी एवढं केलंय, माघार कशी घिऊ? आपन आसं करू, आतनं तुमी अध्यक्ष, भायेरनं मी. समदा कारभार तुमी बगा, लिव्हायचं बोलायचं तुमीच द्या. मी नुसता शाल घिऊन बसतो. ह्या शाली बी तुमाला आनल्यात."

"म्हंजी आजवर जे चाललंय तेच?"

"व्हय की. आपल्यात फरक कुठं पडतोय?"

पोपटला काय झालं कुणास ठाऊक. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस, त्यानं शालींचा गठ्ठा उचलून अंगणात भिरकावला. "आतनं अध्यक्ष! आरं, आतनं काय आतड्याचा अध्यक्ष हाय व्हय मी? न्हाई पायजे तुमचं अध्यक्षपद! राजीनामा! घ्या, दिला राजीनामा!"

बाजेवर पडलेल्या गेणबानं मान वळवली. सत्यजीत शाली गोळा करायला लागला. आणि पोपट बोललेल्या जागीच उभा राहिला. राजीनामा. राजीनाम्याला सही कुणाची लागते? अध्यक्षाची. आणि राजीनामा देणारा अध्यक्ष नसेल, तर तो राजीनामा देईल कसा?

तो आत गेला, खाली बसला आणि लिहायला लागला. कसलं अडतंय! राजीनाम्याला अभ्यासू लागत नाही, मनमिळाऊ लागत नाही. सगळी बातमी एका दमात उतरली. 'भीमा-घोड ग्रामीण पत्रकार संघाचे अध्यक्ष पोपट गेणबा कोळपे यांनी आपल्या पदाचा तडकाफडकी राजीनामा दिला आहे. त्यांच्या राजीनाम्याने पत्रकारिता क्षेत्रात एकच खळबळ उडाली आहे.' त्यानं नाव लिहिलं, आणि ते पुसलं नाही. मग रतनला हाक मारली. "माजा येक फोटू काढ."

"हसा की जरा."

"राजीनाम्याला कोन हसतं? काढ."

बातमी आणि फोटो ग्रुपवर पडले. नुसती खळबळ उडाली, असं तुम्हाला वाटेल. छे! 'पाठवली.' 'पाठवली.' 'मीपण पाठवली.' मंडपवाल्यानं तर अंगठाही दाखवला. फक्त डेस्कवरच्या साहेबांचा फोन आला. "पोपटराव, राजीनाम्यावर अध्यक्षांची सही आहे ना?"

"हाय की."

"मग हरकत नाही. खुलाशाचं तेवढं झंझट असतं बघा." आणि ठेवला.

सकाळी स्टँडवर गठ्ठा सोडला. पोपटनं पान उलटलं. होता तो. दोन कॉलमात, भिंतीला पाठ लावून, कपाळाला आठ्या घालून, खाली नाव. पोपट तिथंच गठ्ठ्यावर बसला. पहिला पेपर त्यानं घरी नेला आणि बाजेवर ठेवला. म्हाताऱ्यानं तो उचलला, डोळ्याला लावला, लांब धरला, परत डोळ्याला लावला. मग उठून धोतर झटकलं, फेटा बांधला आणि पेपर छातीशी धरून कट्ट्याकडं चालायला लागला. पोपट मोटारसायकल ढकलत मागं.

"मारुतराव, वाचा," गेणबा म्हणाला.

मारुतरावांनी वाचलं. वाचता वाचता आवाज उतरत गेला. मग पेपर घडी करून, जरा बरं वाटून घेत म्हणाले, "गेणबा, ही चांगली बातमी न्हवं. राजीनामा म्हंजी पोरानं पद सोडलंय. गेलं त्याचं अध्यक्षपद."

"गेलं?"

"गेलं."

"परत म्हना. समद्यास्नी आयकू जाऊ द्या."

"गेलं म्हंतोय न्हवं! पोपटचं अध्यक्षपद गेलं!"

गेणबानं कट्ट्यावरच्या एकेका तोंडाकडं नीट बघून घेतलं. "आयकलं का रं? मारुतराव म्हंत्यात, पोपटचं अध्यक्षपद गेलं. मेंढरू वाड्यात नसंल, तर लांडगा न्हेईल काय?"

मारुतरावांनी पेपर त्याच्यापुढं सरकवला. गेणबानं पेपर परत हातात घेतला, लेकाच्या आठ्यांवरून अंगठा फिरवला आणि कट्ट्यावर आपल्या जागेला जाऊन बसला. पोपटला समोरचं धूसर दिसायला लागलं, बापाचा मोतीबिंदू आपल्यालाच झाल्यासारखं. त्यानं गळ्यातल्या उपरण्यानं डोळे पुसले. अजून अर्ध्या गावाचे पेपर टाकायचे राहिले होते.